मराठवाड्यात झाडावरचं मुक्कामघर बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनवट-माहूरच्या सागवानी पट्ट्यात, गौताळ्याच्या आसपास, बालाघाटच्या डोंगररांगांत ज्यांची स्वतःची जमीन रानाला लागून आहे आणि तिथे पाहुण्यांसाठी झाडावरचं घर उभं करायचं आहे, त्यांच्याकडून येणारे हे प्रश्न. उत्तरं इथल्या माती-वाऱ्या-उन्हाला धरून दिली आहेत. कोकणात किंवा केरळात चालणारी बरीचशी युक्ती इथे चालत नाही.

झाडावरचं घर म्हणजे सगळा भार झाडावरच असतो का?

नसावा. मराठवाड्यात तर नसावाच, असं आमचं ठाम मत आहे.

हिशोब करून बघा. ४ × ४.५ मीटरची एक खोली म्हणजे १८ चौरस मीटर, आणि पुढे ८ चौरस मीटरचा सज्जा. खोलीत माणसं-सामानाचा भार चौरस मीटरला २०० किलो धरतात. सज्जावर सगळे एकदम सूर्यास्त बघायला येतात, म्हणून तिथे ४०० किलो धरावा. झाले ६,८०० किलो. हलकं बांधकाम धरलं तरी घराचं स्वतःचं वजन चौरस मीटरला १०० किलोच्या आसपास जातं, म्हणजे २,६०० किलो. वर ५०० लिटरची टाकी ठेवली की एकूण भार दहा टनांच्या जवळ पोचतो. पाण्याच्या ताणात वाढलेल्या, मुरमाड जमिनीवरच्या एका झाडाने हा भार पन्नास वावटळी सोसत पेलावा, ही अपेक्षा रास्त नाही.

त्यामुळे घर स्वतःच्या पायांवर उभं करायचं आणि झाडाच्या फांद्यांमध्ये बसवायचं. पाहुण्याला खिडकीतून पानंच दिसतात, खाली खांब आहेत याने त्याचा आनंद कमी होत नाही. स्वीडनमधल्या हाराड्स गावचं ट्रीहॉटेल २०१० पासून जगभर गाजतंय. तिथली स्नोहेट्टा या वास्तुसंस्थेची ‘सेव्हन्थ रूम’सुद्धा झाडांवरचा भार टाळण्यासाठी १२ खांबांवरच उभी आहे.

मग झाड कोणतं निवडायचं?

आधी उन्हाळ्यातलं झाड बघा. मार्चअखेर ते मे या काळात एकदा जागेवर जाऊन दुपारी एक वाजता उभं राहा. सागाची पानं उन्हाळा चढायच्या आतच गळून गेलेली असतात. ऐन बेचाळीस अंशांत सागाच्या बनात सावली मिळत नाही, आणि ही चूक पावसाळ्यात जागा पसंत करणाऱ्यांकडून हमखास होते. मोहही फुलायच्या वेळी जवळजवळ निष्पर्ण असतो, त्याची कोवळी पालवी नंतर येते.

वड, चिंच, आंबा, जांभूळ, करंज आणि ओढ्याकाठचा अर्जुन ही सावलीच्या दृष्टीने भरवशाची झाडं. कडुनिंब पाडव्याच्या सुमारास नव्या पालवीने भरतो, तोही चालतो. वडाचा विस्तार मोठा, पण पारंब्या तोडून जागा करायची नाही. जमिनीत रुजलेली पारंबी त्या फांदीचा टेकू असते.

गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरी, शेवगा आणि सालई यांच्या जवळ घर नको. यांच्या फांद्या वळवाच्या वाऱ्यात सहज मोडतात, गुलमोहर तर मुळासकट आडवा होतो.

झाड आतून पक्कं आहे की पोकळ, कसं ओळखायचं?

लाकडी हातोड्याने बुंध्याभोवती दर वीतभर अंतरावर ठोका. भरीव खोड घट्ट आवाज देतं, पोकळ खोडाचा आवाज घुमतो. जुन्या चिंचा वरून डेरेदार आणि आतून पोकळ असतात, त्यांच्याबाबत विशेष सावध राहा. बुंध्याशी अळंबी उगवलेली, सालीखालून भुसा गळतोय, शेंड्याच्या फांद्या वाळलेल्या, दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात उभी चीर, बुंध्याजवळची माती एका बाजूने उचललेली: यांतलं एक जरी दिसलं तरी वृक्षतज्ज्ञाकडून तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. तपासणी दोनदा करावी, एकदा पानगळीत आणि एकदा पालवी आल्यावर. पानगळीत सांगाडा दिसतो, पालवीत ताकद.

बोल्ट मारला तर झाड मरत नाही का? त्यापेक्षा दोराने बांधलं तर?

लोकांना उलटं वाटतं, पण दोरच जास्त घातक. झाडाची अन्नवाहिनी सालीच्या लगेच आत असते. दोर, साखळी किंवा लोखंडी पट्टा खोडाभोवती आवळला की खोड जाड होताना तो रुततो आणि अन्नाचा रस्ता चहूबाजूंनी तुटतो. तीन-चार वर्षांत वरचा भाग वाळू लागतो. एका जागी भोक पाडून जाड बोल्ट बसवला, तर झाड त्या जखमेभोवती स्वतःची भिंत उभी करतं आणि जखम तेवढ्यापुरती राहते.

यासाठीचा खास बोल्ट, ज्याला सगळे ‘टॅब’ म्हणतात, अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये मायकेल गार्नियर आणि त्यांच्या सोबतच्या बांधकाम करणाऱ्यांच्या प्रयोगांतून १९९०च्या दशकात घडत गेला. त्याला जाड गळा असतो. तो सालीतून आत लाकडात बसतो आणि भार लाकडावर पसरवतो. मात्र त्याच्या क्षमतेचे आकडे तिकडच्या झाडांवर काढलेले आहेत, ते आपल्या चिंचेला किंवा मोहाला जसेच्या तसे लावू नयेत.

आम्ही झाडाला फक्त हलका भाग जोडतो: झुलता पूल, बसायचा छोटा माचा, जाळी. त्यासाठी नियम असे. जोडणीच्या उंचीवर खोडाचा घेर किमान ९५ सेंटिमीटर, म्हणजे व्यास ३० सेंटिमीटर. दोन बोल्ट एकाच उभ्या रेषेत नकोत आणि त्यांच्यात किमान ४५ सेंटिमीटर अंतर. तुळई खोडाला टेकवायची नाही, ५ ते ७ सेंटिमीटर फट ठेवायची, कारण खोड जाड होत राहणार. पूल दोन झाडांमध्ये असेल तर एक टोक पक्कं आणि दुसरं सरकतं. दोन्ही टोकं पक्की केली की पहिल्याच वादळात बोल्ट वाकतो किंवा तुळई फाटते, कारण दोन झाडं एका तालात हलत नाहीत. बोल्ट उंच सरकत जाईल ही भीती मात्र सोडा. खोड जाड होतं, लांब होत नाही. वाढ शेंड्याला असते.

काळ्या मातीत खांबांचा पाया कसा घ्यायचा?

कामातला सगळ्यात जिकिरीचा भाग हाच, म्हणून थोडं सविस्तर.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दीड मीटर खोल साधा खड्डा करून काँक्रीट भरलं, तर खांब दरवर्षी किंचित वरखाली होतो, तोही प्रत्येक खांब वेगवेगळा. परिणाम आधी दारात दिसतो: चौकट तिरकी होते, कडी लागत नाही.

दोन उपाय. मीटर-दीड मीटरवर पक्का मुरूम किंवा खडक लागत असेल तर थेट त्यावर टेकायचं. मातीचा थर खोल असेल तर अंडर-रीम पाइल घ्यायची. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत काळ्या मातीसारख्या फुगणाऱ्या जमिनींसाठीच विकसित केली. सुमारे ३०० मिलिमीटर व्यासाचं भोक साडेतीन मीटरपर्यंत नेतात आणि तळाशी खास अवजाराने ते ७५० मिलिमीटरपर्यंत रुंद करतात. तळातला तो फुगवटा हालचाल नसलेल्या थरात अडकून बसतो. झाडाच्या दृष्टीनेही हे बरं, वर कमी जागा खोदावी लागते.

आता मुळांचं. जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा, त्याला १२ ने गुणा. ६० सेंटिमीटरच्या झाडाला ७.२ मीटर आलं. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे मुळांचं राखीव क्षेत्र. घर या वर्तुळात येणारच, म्हणून तिथली शिस्त पाळायची. जेसीबी आत आणायचा नाही. मशिनच्या चाकाखाली माती दबली की मुळांना हवा मिळत नाही, आणि झाड लगेच नव्हे तर दोन-तीन वर्षांनी वाळतं, तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येत नाही. चर खोदायचा नाही, फक्त सुटे खड्डे, तेही हाताने. पहिला मीटरभर उकरताना अंगठ्याएवढं, म्हणजे अडीच सेंटिमीटरचं मूळ लागलं तर ते तोडायचं नाही, खड्डा सरकवायचा. त्यासाठी नकाशात प्रत्येक खांबाला अर्धा मीटर इकडेतिकडे हलायची मुभा आधीच ठेवावी लागते. काँक्रीट ओतण्यापूर्वी वरच्या भागात प्लास्टिकचं अस्तर लावा, सिमेंटचं पाणी मुळांना सोसत नाही. उरलेला मुरूम बुंध्याशी पसरवून ‘सपाटी’ करू नका. बुंधा मातीत गाडणं म्हणजे झाड संथपणे मारणं.

किती उंच बांधावं?

जमिनीपासून फळीपर्यंत साडेतीन ते पाच मीटर. यापेक्षा वर गेलं की वारा वाढतो, पाणी चढवणं आणि माणूस उतरवणं दोन्ही अवघड होतं. आपल्याकडे पाहुणे कुटुंबासह येतात, सोबत आजी असते. शिडी नको, जिना हवा. साडेचार मीटरला १७५ मिलिमीटरच्या २६ पायऱ्या होतात. मध्ये टेकायला एक चौक ठेवा. कठडा १.१ मीटर उंच, आणि गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी, म्हणजे लहान मुलाचं डोकं त्यातून जाणार नाही.

मे महिन्यात वर राहता येईल का?

रात्री हो. दुपारी, खरं सांगायचं तर, नाही.

जुनी माळवदं मातीच्या जाडीमुळे गार राहायची. ती जाडी वर नेता येत नाही, कारण ती वजन आहे. त्यामुळे झाडावरच्या घराला ऊन अडवणं आणि वारा खेळवणं एवढाच उपाय उरतो. लांब भिंती उत्तर-दक्षिणेला, आखूड भिंती पूर्व-पश्चिमेला ठेवा. पश्चिमेची भिंत जवळजवळ बंद. तिथे न्हाणी किंवा कपाट घाला. छप्पर दुहेरी: वर पत्रा, मग १५ ते २० सेंटिमीटरची मोकळी फट, खाली बांबूची चटई किंवा फळी. फट दोन्ही टोकांना उघडी हवी, तिथे फक्त जाळी. नाहीतर आत हवा कोंडते आणि भट्टी होते. वळचण किमान ९० सेंटिमीटर.

खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि त्या ओल्या ठेवल्या तर कोरड्या हवेत उत्तम काम होतं. कुलरही इथे छान चालतो, पण पाण्याने भरलेला कुलर सत्तर-ऐंशी किलोचा होतो. तो खिडकीला टांगू नका, त्याला खालच्या सांगाड्यावर वेगळा आधार द्या. पावसाळ्यात कुलरचा काही उपयोग नाही.

आमचा सल्ला: पाहुणे मृगानंतर ते होळीपर्यंत घ्या. एप्रिलचा पूर्वार्ध डागडुजीला ठेवा, वळीव यायच्या आत.

परदेशातल्यासारखं आरशाचं किंवा घरट्याच्या आकाराचं घर करता येईल का?

कल्पना लढवायला पूर्ण वाव आहे, फक्त ती इथल्या रानातून यावी. हाराड्समधला आरशाचा घन (प्रत्येक बाजू ४ मीटर, रचना थाम अँड विदेगार्ड यांची) थंड, मंद उजेडाच्या पाइन जंगलात अदृश्य होतो. पक्ष्यांनी धडकू नये म्हणून त्याच्या काचेला पक्ष्यांना दिसणारा खास थर दिलेला आहे. आपल्या रानात मोर आहेत, आणि मोर आरशातल्या स्वतःला प्रतिस्पर्धी समजून चोची मारतो. शिवाय भर उन्हात ती चकाकी आजूबाजूच्या सगळ्यांना त्रास देते.

घरट्याचा आकार मात्र इथे शोभतो. सुगरणीच्या खोप्यासारखी खालून आत शिरायची गोलाकार खोली बांबूच्या कमानींवर विणता येते. व्यास साडेतीन मीटरच्या पुढे नेऊ नका, त्यानंतर कमानी दुहेरी कराव्या लागतात. शेतातल्या राखणीच्या माच्यावरूनही सुंदर आराखडे निघतात: चारी बाजू उघड्या, मध्ये झोपायची जागा, भोवती गुंडाळता येणारे पडदे. हाराड्समधलीच, बिग या डेन्मार्कच्या वास्तुसंस्थेची २०२२ सालची ‘बायोस्फिअर’ खोली बाहेरून ३५० पक्षीघरांनी वेढलेली आहे. ती कल्पना छोट्या प्रमाणात, पश्चिमेच्या बंद भिंतीवर, इथे उचलण्यासारखी आहे.

खोलीच्या मधून खोड गेलेलं चालेल?

फोटोत देखणं दिसतं, पण पावसात त्याच खोडावरून पाण्याचा ओघळ थेट अंथरुणापर्यंत येतो. मुंगळे, पाली आणि क्वचित सापही त्याच वाटेने येतात. खोड सज्जातून जाऊ द्या. तिथे फळीत चहूबाजूंनी १० सेंटिमीटर फट ठेवा आणि दर दोन वर्षांनी ती वाढवता येईल अशा सुट्या फळ्या बसवा.

लाकूड, बांबू की लोखंड? तुराट्यांच्या भिंती चालतील?

खांब आणि मुख्य तुळया गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाइपच्या, जमीन सागाची, भिंती बांबूच्या. हे मिश्रण इथे टिकतं. जमिनीत पुरलेलं लाकूड वाळवी खाते, म्हणून लाकूड मातीला लागू द्यायचं नाही. फळ्यांमध्ये ५-६ मिलिमीटर फट ठेवा, पावसाळ्यात त्या फुगतात.

बांबू मानवेल किंवा कटांग, तीन वर्षांपुढचा, थंडीत तोडलेला. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत पिष्ट जास्त, त्याला भुंगा हमखास लागतो. १०० लिटर पाण्यात २ किलो बोरिक ॲसिड आणि ३ किलो बोरॅक्स विरघळवा. पेरांचे पडदे सळईने फोडून बांबू त्यात आठवडाभर बुडवून ठेवा, मग सावलीत वाळवा. हे औषध पावसाने धुऊन जातं, म्हणून भिंत वळचणीखालीच हवी.

तुराट्या-पऱ्हाट्यांचा कूड शेतातल्या आखाड्यावर चालतो. पाहुणे झोपतात तिथे नको, ठिणगी पडली की दोन मिनिटांत सगळं पेटतं. तुराट्या हव्याच असतील तर दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा गिलावा करून, फक्त कमरेएवढ्या आडोशाला वापरा.

वादळ आणि भूकंपाचं काय?

भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात औरंगाबादसाठी (आताचं छत्रपती संभाजीनगर) वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या पुढे जातो. ४.५ × ३ मीटरच्या एका भिंतीवर सव्वा टन. त्यामुळे खांबांना तिरपे आधार दोन्ही दिशांना हवेत, आणि छप्पर खालून वर उचललं जाऊ नये म्हणून छपराची प्रत्येक कैची (त्रिकोणी सांगाडा) तुळईला बोल्टने बांधलेली हवी, खिळ्याने नव्हे.

भूकंपात हलकं घर बरं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात माणसं दगावली ती मुख्यतः जाड दगडी भिंती आणि माळवदाच्या मातीखाली. म्हणून वर दगडी फरशी, मातीचा थर, मोठी टाकी असं काही चढवू नका. टाकी वेगळ्या मनोऱ्यावर ठेवा.

वीज पडली तर?

याबाबत तडजोड नाही. मोकळ्या रानातलं उंच झाड विजेला जवळचं, आणि झाडाशेजारचा माणूस झाडावरून उडी घेणाऱ्या विजेच्या टप्प्यात. वीजरोधक बसवा, त्याची तांब्याची पट्टी खोलीपासून लांबच्या बाजूने खाली न्या आणि जिन्याजवळ जमिनीत सोडू नका. अर्थिंगचा रोध १० ओमच्या आत हवा. तो मोजायचा मे महिन्यात, माती सगळ्यात कोरडी असते तेव्हा. पावसाळ्यात मोजलेला आकडा फसवा.

एवढं करूनही पाहुण्यांना वर ठेवायचं नाही. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. सगळ्यांनी उतरून पक्क्या इमारतीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. म्हणजेच झाडावरच्या प्रत्येक घरासोबत खाली एक पक्की खोली लागते. ती आराखड्यात नसेल तर काम सुरू करू नका. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप राखणदाराच्या मोबाइलवर ठेवा.

वणव्यापासून कसं वाचायचं?

फेब्रुवारी ते मे हा धोक्याचा काळ. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, तिथून आग पसरते. घराभोवती पाच-सहा मीटर रुंद जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) माघ महिन्यातच साफ करा, पण झाडाच्या बुंध्यालगतचा कुजलेला थर खरवडू नका. वर स्वयंपाक नाही, गॅस नाही, मच्छर अगरबत्ती नाही, मच्छरदाणी द्या. चार-सहा किलोचं एबीसी प्रकारचं (लाकूड, इंधन आणि विजेच्या आगीवर चालणारं) अग्निशामक दाराजवळ आणि एक जिन्याखाली. जिना पेटला तर उतरायला दुसऱ्या बाजूला दोरशिडी हवीच.

संडास-न्हाणी वर की खाली?

वर करता येते. मैल्याचा ११० मिलिमीटरचा पाइप खांबाच्या आडोशाने खाली आणा, झाडाला टेकवू नका. सेप्टिक टाकी मुळांच्या वर्तुळाबाहेर आणि विहीर-बोअरपासून किमान १५ मीटर लांब. दोन पाहुण्यांना दिवसाला ३०० लिटर पाणी धरा. टँकरवर चालणाऱ्या गावात हे आधी सोडवा, घर नंतर. उघड्यावरचा काळा पाइप मे महिन्यात इतका तापतो की दुपारी नळाचं पाणी अंगावर घेता येत नाही. पाइपला आवरण घाला आणि टाकी सावलीत ठेवा.

वानरं, मधमाशा, बिबट्या?

वानरं येणारच. छपरावर उड्या मारतात, सौर बंबाच्या काचनळ्या फोडतात, केबल ओढतात. बंब खालच्या खोलीवर बसवा, वायरी लोखंडी नळीतून न्या, आणि खाणं वर ठेवायचंच नाही. खिडकीची कडी आतून फिरवायची असावी, ओढायची नको.

आग्या मोहोळ त्याच झाडावर बसलं तर ते असेपर्यंत खोली बंद. जाळायचं नाही, धूरही स्वतः करायचा नाही. मधपाळ बोलवा. बिबट्या असलेल्या भागात जिन्याखाली पिवळसर मंद दिवा, आणि अंधार पडल्यावर मुलांना एकटं खाली सोडायचं नाही. प्रखर पांढरे दिवे नकोत, त्यांनी कीटक आणि घुबडं दोन्ही बिथरतात.

वनखात्याच्या जमिनीवर परवानगी मिळते का?

खाजगी मुक्कामघरासाठी वनजमिनीचा विचार सोडून द्या. १९८० चा वनसंरक्षण कायदा आणि अभयारण्यात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. गौताळा औट्रमघाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे. त्याच्या सीमेजवळ तुमची मालकीची जमीन असली तरी आधी वनखात्याकडे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची चौकशी करा. सातबाऱ्यावर ‘वन’ अशी नोंद आहे का, हेही पाहा. शेतजमिनीच्या अकृषिक वापराचे सध्याचे नियम, ग्रामपंचायतीकडची नोंद, आणि शेतीसोबत करत असाल तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण बघा. फांदी तोडण्यापूर्वीही विचारा. साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ ही झाडं राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत.

खर्च चौरस फुटाला किती?

त्या भावाने विचारलंत तर चुकीचं उत्तर मिळेल. खोलीपेक्षा पाया, जिना, वीजरोधक, पाणी आणि खालची पक्की खोली यांतच पैसा जास्त जातो. खोली लहान केली म्हणून हे खर्च कमी होत नाहीत.

देखभाल काय असते?

वर्षातून दोनदा, पोळ्याच्या सुमारास आणि होळीनंतर. प्रत्येक बोल्टचं टोक रंगाने रेघ मारून ठेवा, म्हणजे फिरला असेल तर नजरेला दिसतो. खोडाभोवतीची फट मोजा. वाळलेल्या फांद्या कुशल माणसाकडून, पक्ष्यांची विणीची वेळ टाळून काढा. गॅल्व्हनाइज्ड पाइपवर जोडाजवळ तांबूस डाग दिसला तर घासून जस्ताचा रंग लावा. सज्जाच्या फळीवर सगळीकडे चालून बघा. दबणारी फळी त्याच दिवशी बदला, आणि बदलेपर्यंत सज्जाचं दार कुलूपबंद ठेवा.